हजेरी

एखाद्या नृत्यमंडळीविषयी एका रात्रीच्या खेळावरून मत बनवू नये, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. आणि ती उमगेपर्यंत माझी उमेदीची वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात पाळ्या करण्यात, आणि पाळीतून सुटलेल्या रात्री गावोगावच्या जत्रांतील तमाशे पाहण्यात निघून गेली होती. ज्याला एकच खेळ पाहावयास मिळतो त्याला लावणी दिसते. त्याच फडाचे पाच-सहा खेळ दसऱ्यापासून वैशाखापर्यंत निरनिराळ्या मुक्कामी ज्याच्या वाट्याला येतात त्याला मात्र लावणी नाचणारी बाई दिसू लागते, तिची थकलेली टाच दिसते, तिने राखून ठेवलेले बळ दिसते, आणि मग आजवर आपण ज्याला केवळ रंगेलपणा समजत आलो त्याच्या बुडाशी केवढी शिस्त आहे याची ओळख पटते.

युरोपात बॅले नावाच्या नृत्यप्रकाराचे जे निस्सीम भोक्ते असतात, त्यांचा शिरस्ता असाच असल्याचे मी वाचले आहे. एका मंडळीचा संबंध हंगाम ते निष्ठेने पाहतात. गतवर्षी शेवटच्या रांगेत असलेली मुलगी यंदा दोन पावले पुढे आली की त्यांना घरचे कार्य निघाल्यासारखा आनंद होतो. पॅरिसच्या ऑपेरातील नृत्यमंडळीत नर्तकांच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत, सर्वांत वरच्या पायरीला ‘तारा’ या अर्थाचे नाव आहे, आणि बेचाळिसाव्या वर्षी नर्तकाने निवृत्त व्हावे व त्याला निवृत्तिवेतन मिळावे असा तेथील कायदा आहे. पिंपरी-चिंचवडात किंवा चाकणला बॅलेची मंडळी नाही. तथापि रांगा, पायऱ्या, हंगाम आणि निष्ठावंत प्रेक्षक या चारही गोष्टी ज्या नृत्यसंस्थेला आहेत अशी एक संस्था दर चैत्रात आमच्या कारखान्यांच्या भिंतींना खेटून तंबू ठोकते, आणि तिला आपण तमाशाचा फड म्हणतो.

सामान्य वाचकाचा येथे एक घोटाळा होतो, तो आधी दूर केला पाहिजे. तमाशाचे आज दोन मुख्य प्रकार आहेत. एक संगीत-बारी : कलाकेंद्रात किंवा थिएटरात, मोजक्या रसिकांपुढे, पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने लावणी सादर करणारी छोटी पार्टी. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे या परंपरेचे जुने ठिकाण. दुसरा ढोलकी-फड : मालमोटारी, तंबू, रंगमंच, वीजनिर्मितीचे यंत्र आणि स्वयंपाकाची भांडी बरोबर घेऊन गावोगाव हिंडणारा, गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम पाळणारा मोठा संसार. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. नाचणाऱ्या मुली, सोंगाड्या, सरदार, ढोलकीवाला, हलगीवाला, पेटीवाला, सुरत्ये, मोटारचालक, तंबू ठोकणारे, आचारी आणि या सर्वांचा जमाखर्च सांभाळणारा व्यवस्थापक. माझे वेड या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

या वेडाला भूगोलाचीही साथ आहे. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर या क्रमाने उत्तरेस जाणारा पुणे-नाशिक रस्ता आज नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रेलरांमुळे ओळखला जात असला, तरी मराठी तमाशाचा निम्माअधिक इतिहास याच रस्त्याच्या कडेने घडला आहे. रस्त्यावरील संगमनेर हे शाहीर अनंत फंदीचे गाव. त्याच तालुक्यातील हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली नामांकित स्त्री मानली जाते. तिच्यापूर्वी बाईचे काम ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. महार समाजातील पवळा आणि जन्माने ब्राह्मण असलेले पठ्ठे बापूराव यांच्या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राला जसे वेड लावले तसेच बिथरवूनही सोडले. पुढे याच संगमनेरात कांताबाई सातारकर स्थायिक झाल्या, ज्यांनी तुकाराम खेडकर यांच्या फडात पुरुषभूमिकाही गाजविल्या, आणि 2021 साली कोरोनाच्या साथीत ज्यांचे निधन झाले. आणि चाकणहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव आहे, ज्याला तमासगीर मंडळी ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात.

नारायणगाव म्हणजे विठाबाई. 1935 साली पंढरपुरात जन्मल्या म्हणून त्यांचे नाव विठा ठेवले. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड त्या काळी गाजत होता. 1957 आणि 1990 अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानाची पदके मिळाली. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात ठाऊक नसलेला माणूस विरळा. आपण ती अभिमानाने सांगतो. परंतु त्या रात्री खेळ थांबविता येत नव्हता आणि बाहेर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक वाट पाहत होता, हा त्या हकीकतीचा दुसरा अर्धा भाग उच्चारताना आपली जीभ जड होते, कारण तो प्रेक्षक म्हणजे आपणच. त्याच विठाबाईंचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले, 2002 च्या जानेवारीत त्या वारल्या, आणि 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावे ज्येष्ठ तमासगिरांना जीवनगौरव पुरस्कार देते. पहिला पुरस्कार कांताबाईंना मिळाला.

आता हंगामाकडे वळू. पावसाळ्यात फड मोडलेला असतो. तंबू दोरखंडासह कोठारात, मंडळी आपापल्या गावी. याच बेकारीच्या महिन्यांत फडमालक पुढील हंगामासाठी कलावंतांना ‘उचल’ देतो, म्हणजे मुलीचे लग्न, घराचे छप्पर किंवा दवाखाना यांसाठी आगाऊ रक्कम, जी पुढे हंगामभर पगारातून वळती होते. खुद्द मालकही बहुधा सावकाराकडून पैसे उचलूनच ही उचल वाटतो, त्यामुळे दसऱ्याला जेव्हा पहिला नारळ फुटतो तेव्हा ढोलकीपासून मालमोटारीच्या चाकापर्यंत प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी देण्यात अडकलेली असते. दसरा-दिवाळीपासून माघापर्यंत तंबूतील तिकिटाचे खेळ चालतात. त्यांत जोखीम सारी फडाची, कारण अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावी कीर्तनाचा सप्ताह लागला की गल्ला रिकामा. फाल्गुनापासून वारे फिरते आणि चैत्र लागला की ‘सुपारीचे’ खेळ सुरू होतात : ग्रामदैवताच्या यात्रेसाठी गावकरी ठरावीक रक्कम देऊन संपूर्ण खेळ विकत घेतात आणि लोकांना तो फुकट दाखवितात. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम आटोपतो. सात महिन्यांच्या कष्टाचा नफा-तोटा चैत्र-वैशाखातील या काही आठवड्यांवर ठरतो.

सुपारी देण्याचा बाजार नारायणगावात भरतो. फाल्गुन-चैत्रात तेथे रस्त्याच्या कडेला निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात; प्रत्येक राहुटीवर फडाचा रंगीत फलक, आत एक टेबल, एक पंचांग आणि तारखांची वही. गुढीपाडव्याला तर गावोगावच्या कारभाऱ्यांची तेथे रीघ लागते. मी एकदा एका राहुटीत निव्वळ ऐकण्यासाठी तासभर बसलो होतो. खेड तालुक्यातील चार कारभारी आले, चहा झाला, आणि त्यांतील वडीलधाऱ्याने विषय काढला : ‘‘मालक, आमच्या भैरोबाची आठमी हाय. खेळ तुमचाच पायजे.’’ व्यवस्थापकाने वहीचे पान त्यांच्यापुढे फिरविले. ‘‘कारभारी, आठमी पाडव्याआधीच गेली बघा. नवमीची रात मोकळी हाय, ती घ्या.’’ ‘‘देव काय नवमीला बसायचा व्हय?’’ म्हातारा म्हणाला, आणि मंडळी शेजारच्या राहुटीत गेली. या एका संवादात सुपारीचे सारे अर्थशास्त्र आले. भैरवनाथाच्या कितीतरी यात्रा चैत्र वद्य अष्टमीच्या आगेमागे येतात. तिथी एक, गावे अनेक, आणि नावाजलेले फड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून त्या तिथीचा भाव चढतो आणि चार दिवसांनी तोच फड, त्याच मुली, तोच वग निम्म्या रकमेवर घासाघीस करीत बसतो.

माझ्या आवडत्या फडाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण मला ज्या मुलीविषयी लिहावयाचे आहे तिला माझ्या लेखणीचा उपसर्ग होऊ नये. मागील हंगामात कार्तिकात चाकणच्या पलीकडे एका माळावर तिकिटाचा खेळ पाहिला तेव्हा ती दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला होती. खेळ सुरू होण्यापूर्वी कनातीच्या फटीतून रंगमंच दिसत होता. पहिल्या रांगेतील एक प्रौढ बाई अनवाणी पायांनी फळीन् फळी चाचपून पाहत होती, कोणती फळी लवते, कोणत्या दोन फळ्यांत फट आहे, कोठे खिळा वर आला आहे. ही पाहणी ती दररोज करते, कारण मुक्काम दररोज बदलतो आणि त्याबरोबर पायाखालची जमीनही. मागाहून ती मुलगी आली, तिनेही बाईचे पाहून दोन फळ्या चाचपल्या, आणि तिसरीवर घुंगरांचा चाळ बांधण्यासाठी बसली.

मग हलगी कडाडली, ढोलकीने तिला जाब दिला, आणि ती सुप्रसिद्ध जुगलबंदी सुरू झाली जिच्यामुळे दूर उसाच्या फडात पाणी देणाऱ्या माणसालाही खेळ उभा राहिल्याची वर्दी पोचते. गण झाला. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची जुनीच थट्टा नव्या गावाच्या नावांनिशी रंगली. मावशीने बाजाराच्या वाटेऐवजी औद्योगिक वसाहतीची वाट धरली आणि कृष्णाने दह्यादुधाऐवजी तिचे प्रवेशपत्र तपासले, तेव्हा कंपनीच्या निळ्या सदऱ्यात बसलेली पोरे शिट्ट्या मारू लागली. नंतर मुली आल्या, पदर दोन्ही हातांनी डोक्यामागे ताणून धरलेल्या, पाठमोऱ्या. माझी मुलगी गिरकी घेताना दर वेळी शेजारणीच्या पायांकडे पाहत होती, आणि म्हणून तिची टाच ढोलकीच्या थापेमागून केसभर उशिरा पडत होती. इतरांच्या हे ध्यानी येणे शक्य नव्हते. परंतु यंत्रावर बसून ज्याने जन्मभर पट्ट्याचा आवाज ऐकला त्याच्या कानाला केसभर उशीर लगेच कळतो.

पहिल्या रांगेतील त्या प्रौढ बाईचे कौशल्य निराळेच. गणात आणि गवळणीत ती जवळजवळ काहीच करीत नव्हती. हात अर्धे, पाऊल हलके, मान मात्र अचूक. रंगबाजीची तिसरी लावणी आली तेव्हा तिने राखून ठेवलेले सारे बळ एका बैठ्या पलट्यात ओतले, आणि ढोलकीवाल्याने तिच्या टाचेकडे पाहत तोडा लांबविला, आणखी लांबविला, आणि ती जिथे थांबली तिथेच तोही थांबला. प्रेक्षकांचे फेटे उडाले ते या थांबण्यावर. नवखा प्रेक्षक वेगाला दाद देतो, हंगाम पाहणारा थांबण्याला, कारण वेग तरुण वयाने येतो आणि थांबणे मात्र शेकडो रात्रींनी.

हा सारा खेळ पूर्वी रात्रभर चाले. वग उजाडेपर्यंत रंगे, आणि काळू-बाळूंच्या ‘जहरी प्याला’सारख्या वगाला माणसे बैलगाड्या सोडून मुक्कामाला येत. आज ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि वर्षातील थोड्याच दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. वस्तीतील आजारी माणसाची झोप मोडू नये हे मला मान्य आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की पोलिसांची गाडी दिसताच वगाचे दोन प्रवेश गाळले जातात, खलनायक शिक्षेवाचून सुटतो, आणि रंगबाजीत मात्र चित्रपटगीतांची फर्माईश पुरी होते, कारण वर्गणी देणारी तरुण मंडळी समोरच बसलेली असतात. वग गेला की सोंगाड्या जातो, सोंगाड्या गेला की लोकांच्या तोंडावर लोकांचीच खोडी काढणारा माणूस जातो, आणि उरते ती नुसती नाचगाण्याची रात्र, जिच्यासाठी शंभर माणसांचा फड पोसण्याची गरजच राहत नाही. माझ्या दृष्टीने फडावरील खरे संकट हे आहे.

कोणी म्हणेल, कारखान्यांनी हे केले. मला तसे वाटत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, पाठोपाठ आकुर्डी-चिंचवडला मोठमोठे मोटारउद्योग आले, 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका झाली, पुढे चाकणचा माळ यंत्रांनी भरला. परंतु भोसरी, वाकड, हिंजवडी या गावांनी आपापले भैरवनाथ आणि म्हातोबा सोडले नाहीत. हिंजवडीचा म्हातोबा आजही चैत्रात संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसमोरून बगाड मिरवितो. जमिनीचा मोबदला आला तशा सुपाऱ्यांच्या रकमा वाढल्या; साताऱ्या-सांगलीहून, मराठवाड्याहून, खानदेशाहून कामगार आले ते आपली तमाशाची गोडी बरोबर घेऊनच आले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यती 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा यात्रांची गर्दी परतली आणि तिच्याबरोबर तमाशाचीही. 2020 आणि 2021 या दोन चैत्रांत मात्र साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत. उचल घेतलेली होती, खेळ नव्हता. त्या दोन वर्षांचे देणे कित्येक फडांच्या वहीत अजून ओढले जात आहे.

कामगाराला तमाशा का आवडतो याचे उत्तर मला त्या फडाच्या दिवसाच्या मुक्कामात सापडले. दुपारी आंब्याच्या सावलीत मालमोटारीच्या फाळक्याला आरसा टांगलेला होता. तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती. माझी मुलगी सुईदोऱ्याने चाळातील सुटलेली घुंगरे पट्टीवर शिवीत होती, आणि व्यवस्थापक हजेरीबुक घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे खूण करीत हिंडत होता. हजेरीबुक, उचल, पाळी, मुक्काम, हिशेब : माझ्या कारखान्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द तेथे नांदत होता. फरक एकच, की मला साठाव्या वर्षी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मिळाली, आणि पहिल्या रांगेतील त्या बाईला, जिचे वय पॅरिसच्या बेचाळीस वर्षांच्या मर्यादेपलीकडे केव्हाच गेले असावे, गुडघे चालतील तोवर नाचावयाचे आहे. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते हे खरे. परंतु गुडघा कागदपत्रांची मुदत पाळीत नाही.

‘हजेरी’ या शब्दाचा फडात आणखी एक अर्थ आहे. यात्रेच्या रात्रीचा मोठा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारच्या कुस्त्यांच्या आखाड्यापूर्वी, फडाने देवापुढे आणि गावापुढे पुन्हा एक छोटा खेळ करावा अशी रीत आहे. त्याला हजेरी म्हणतात. त्या खेळात रंगीत दिव्यांचा झगमगाट नसतो. उन्हात रंग फिका पडतो, झोप न झालेले डोळे दिसतात, आणि जे पाऊल रात्री दिव्यांनी झाकले ते उघडे पडते. फडाची पारख करावयाची तर हजेरीला करावी, असे जुने लोक म्हणत, आणि म्हणूनच चैत्राच्या अखेरीस चाकणजवळच्या एका गावी मी रात्रीचा खेळ सोडून मुद्दाम सकाळी गेलो.

साडेआठ वाजले होते. प्रौढ बाई एका खुर्चीवर गुडघ्याला पट्टी बांधून बसली होती, आणि पहिल्या रांगेत, मधोमध, माझी डाव्या टोकाची मुलगी उभी होती. समोर पारावर पंधरावीस म्हातारे आणि काही पोरे. ढोलकी सुरू झाली. तिने कोणाच्याही पायांकडे पाहिले नाही. शेजारणी तिच्या पायांकडे पाहत होत्या. गिरकी आली, टाच थापेवर पडली, नेमकी. तेवढ्यात रस्त्यावर एका कंपनीची बस थांबली, तिसरी पाळी संपवून आलेले दहाबारा जण उतरले, आणि डबे काखोटीला मारून, घरी जावयाचे सोडून, पाराच्या कडेला उभे राहिले. रात्रभर जागलेली ती माणसे आणि रात्रभर जागलेल्या त्या मुली काही क्षण एकमेकांकडे पाहत होत्या. मुलीने तोडा लांबविला, ढोलकीवाल्याने तो तिच्या हाती सोडला, आणि जिथे तिला वाटले तिथे ती थांबली. बसमधून उतरलेल्यांपैकी एकाने डबा खाली ठेवला आणि टाळी वाजविली. खुर्चीवरील बाईने मान किंचित हलविली, आणि व्यवस्थापकाने मांडीवरची वही उघडून त्या मुलीच्या नावापुढे त्या दिवसाची खूण केली.